लहानूजींनी कवडी वेचली

देवळीत लहानू ताकसांड्यांचं घर विचारलं, की लोक आधी पत्ता सांगत नाहीत. आधी उजवा हात पुढे करतात, तीन बोटं जुळवून हवेतलं काहीतरी चिमटीत धरतात, मान तिरपी करतात आणि नाकातून "हंऽऽ" असा लांब आवाज काढतात. मग म्हणतात, "ग्रेडरसाहेब नं? दुसऱ्या गल्लीत. निळा दरवाजा."

ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा, ही त्यांची नेमणूक नव्हतीच. कागदावर ते एकतीस वर्षं गावाबाहेरच्या जिनिंगात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, हमाल होते. पण एका हंगामात खरे ग्रेडर तापानं आडवे झाले, फाटकापासून थेट रस्त्यापर्यंत कापसाच्या गाड्या लागल्या, आणि घायकुतीला आलेल्या मालकानं समोर दिसला त्या माणसाला विचारलं, "लहानू, ही गाडी कशी काय आहे रे?" लहानूजींनी गाडीत कोपरापर्यंत हात खुपसला, डोळे मिटले, "हंऽऽ" केलं आणि म्हणाले, "वरून कोरडी हाय. मधात ओली." गाडी उपसली. वरून कोरडी, मधात ओली. झालं, त्या दिवसापासून फाटक त्यांचं.

त्यांचे वैरी दोनच. एक पाणी. वजन वाढावं म्हणून गाडी भरताना कापसावर बादलीभर पाणी शिंपडणारे लोक असतात. लहानूजी त्यांना असं धरायचे, जसं मांजर उंदराला धरतं. आधी थोडं खेळवायचे. त्यांचे वर्गमित्र लक्ष्मणराव, शेजारचेच, चांगले सात एकरवाले, तेही असेच सापडले होते. "दव पडलं असन गड्या," असं लक्ष्मणराव म्हणाले, त्यावर सगळ्या रांगेपुढे लहानूजी म्हणाले, "दव काय बादलीनं पडते काय?" गाडी परत गेली. लक्ष्मणराव वीस वर्षं 'बादलीदव' राहिले.

दुसरी वैरीण कवडी. बोंडअळीनं कुरतडलेला, काळपट पडलेला, धड न फुललेला कापूस म्हणजे कवडी. पांढऱ्या ढिगात एवढीशी कवडी दिसली की लहानूजींचा हात आपोआप जायचा. काम सुटलं तरी हात सुटला नाही. ताटातल्या भातातून ते जिरे वेचायचे. एका लग्नात पाहुण्याच्या पांढऱ्या सदऱ्याच्या गळ्याशी काळं दिसलं म्हणून त्यांनी चिमटीत धरून ओढलं, तर तो पाहुण्याच्या मानेवरचा मस निघाला. पाहुणा केवढ्यानं ओरडला! लहानूजी शांतपणे म्हणाले, "जागा चुकली तुह्या मसाची."

कारण हात चुकत नसे. एकतीस वर्षांत "माहं चुकलं" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मालकानं ऐकले नव्हते, हमालांनी नाही, आणि बायको भागीरथाबाईंनी तर नाहीच नाही.

या घरात पौर्णिमा सून म्हणून आली त्याला आठ वर्षं झाली. बी.ए. झालेली, पण बोलायला अशी की शब्द जणू रेशनवर मिळतात. "हो जी." "नाई जी." "आणते जी." नवरा अश्वजित बुटीबोरीला कंपनीत, घरी रविवारचा. बाकी सहा दिवस घरात सासूबाईंचा रेडिओसारखा अखंड आवाज, सासऱ्यांचं "हंऽऽ", आणि या दोन्हींच्या मधल्या फटीत पौर्णिमाचं "हो जी".

म्हणून जानेवारीतल्या त्या दिवशी ती जेवताना बोलली तेव्हा दोघांचेही घास हातातच राहिले.

झालं असं होतं, की बचत गटाकडून तालुक्यातल्या बारा बायका वर्ध्याच्या एका प्रशिक्षण केंद्रात तीन दिवस मशरूम शिकून आल्या होत्या. प्रत्येकीला एकेक तयार पिशवी मिळाली होती. ती घरी टांगायची, पाणी मारायचं, फळ आणायचं आणि सतरा तारखेला, शनिवारी, पिशवी घेऊन केंद्रात हजर व्हायचं. त्या बारांमधून एकीलाच गावोगावी जाऊन बायकांना शिकवायचं काम मिळणार होतं.

"मले ते काम पायजे, बाबाजी," पौर्णिमा म्हणाली. "लय पायजे. आठ वर्षं झाले, मी ह्या गल्लीच्या बाहेर कोणाले काई सांगतलं नाई."

भागीरथाबाईंनी घास खाली ठेवला. "अवं बाई! एवढं बोलता येते तुले?"

मग पौर्णिमानं पिशवी आणली आणि लहानूजींना एकामागून एक तीन धक्के बसले.

पहिला धक्का, पिशवी पांढरीफेक होती. उशीएवढी, गच्च भरलेली, आणि प्लास्टिकच्या आतून अशी मऊ, अशी लोभस पांढरी, की त्यांचा हात उठलाच. "रुई हाय काय वं ही? एक नंबर माल दिसते."

"नाई जी. खाली सोयाबीनचं कुटार हाय, भुसा. वरून बुरशी."

"बुरशी?" हात मागे आला. हा दुसरा.

"बुरशीच पायजे असते जी. तिच्यातूनच मशरूम निघते."

"म्हंजे सात्याच नं?" भागीरथाबाई मध्ये पडल्या. त्यांचं माहेर जंगलाकडचं. पावसाळ्यात रानातून उपटून आणलेल्या सात्यांची भाजी त्यांनी लहानपणापासून खाल्लेली. "सात्या तं ढग गरजला का वारुळावर आपोआप येते. पिशवीत कशा येईन? तिले ढग कोण दाखवन?"

पाळण्याच्या जुन्या कडीला पौर्णिमानं पिशवी टांगली, ब्लेडनं चार चिरा पाडल्या आणि न्हाव्याकडे असते तशी फवाऱ्याची बाटली घेऊन त्या पांढऱ्याशुभ्र मालावर, लहानू ताकसांड्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच घरात, पाणी मारलं. फुस्स. फुस्स. फुस्स.

तिसऱ्या धक्क्याला लहानूजी खुर्चीवरून उठून उभेच राहिले. "काय करून राह्यली वं पोरी?"

"दिवसातून तीनदा मारा लागते जी."

"मालावर पाणी? माह्या घरात?"

"माल नाई जी थो."

"पांढरं हाय, मऊ हाय, पिशवीत हाय! मंग माल नाई तं काय हाय?" एवढं म्हणून लहानूजी अंगणात गेले आणि बराच वेळ तिथंच "हंऽऽ, हंऽऽ" करत फिरले.

तरी ते गप्प राहिले, कारण सून "लय पायजे" म्हणाली होती. दिवसातून तीनदा फुस्स ऐकू आलं की ते बाहेर जाऊन बसायचे. असा आठवडा गेला. आणि मंगळवारी सकाळी कारंज्याहून फोन आला, की पौर्णिमाची आई अंगणात घसरून पडली, मनगट मोडलं.

पौर्णिमा पिशवीकडे बघे, फोनकडे बघे. सासूबाईंचा खांदा धरलेला, त्यांचा हात कडीपर्यंत जाणार नव्हता. शेवटी तिनं ती बाटली सासऱ्यांपुढे धरली. बंदूक सोपवावी तशी.

"दोनच दिवस जी, बाबाजी. सकाळी, दुपारी, सांजच्याले. बाकी काईच नाई कराचं. गुरुवारी मी येतेच. शनिवारी न्यायचं हाय."

"मी?" लहानूजी म्हणाले. "मी पाणी मारू?"

"तुमच्याशिवाय कोन हाय जी?"

आता यावर माणूस काय बोलणार? तिची गाडी गेली आणि लहानूजींनी घराचा दरवाजा लावला. मागचा लावला. मधल्या खोलीची खिडकी ओढून घेतली. स्टुलावर चढले, तोंड भिंतीकडे फिरवलं, डोळे मिटले आणि बाटलीचा घोडा दाबला. फुस्स.

"अहो, भिंतीले मारून राह्यले तुमी," भागीरथाबाई खालून म्हणाल्या. "पिशवी इकडं हाय."

"मले माहीत हाय."

"मंग डोये उघडा नं."

त्यांनी डोळे उघडले आणि नीट न लागणाऱ्या खिडकीच्या फटीत त्यांना दुसरे दोन डोळे दिसले. लक्ष्मणराव! पेपर मागायला आले होते, दार लागलेलं दिसलं म्हणून खिडकीशी आले. आत काय दिसलं? लहानू ताकसांडे स्टुलावर उभा आहे आणि पांढऱ्या मालावर पाणी मारतो आहे.

लक्ष्मणरावांचा जबडा असा खाली आला, की कवळी सावरायला हात लावावा लागला. "लहाऽऽनू! काय करून राह्यला बे?"

"काई नाई."

"काई नाई कसं? मी माह्या डोयानं पाहून राह्यलो नं! पाणी मारून राह्यला तू!"

"थे कापूस नोहे."

"पांढरं हाय."

"थे बुरशी हाय!"

"वा रे वा! आमी मारलं तं पाणी अन् तू मारलं तं बुरशी?" लक्ष्मणरावांचा आवाज आता बारीक, गोड, खडीसाखरेसारखा झाला. वीस वर्षं तोंडात धरून ठेवलेली खडीसाखर. "नाई, मी म्हणतो गड्या, दव पडलं असन. नाई काय? दव पडलं असन."

दुपारपर्यंत ती गोष्ट बसस्टँडला पोचली. संध्याकाळी लहानूजी टपरीवर गेले, तर चहावाल्यानं कप पुढे करून अतिशय आदरानं विचारलं, "साहेब, चहात पाणी चालन काय?" बाकावरचे चौघं एकदम छताकडे बघायला लागले. लहानूजी चहा न घेता परतले. पण घरी येऊन त्यांनी स्टूल ओढलं आणि संध्याकाळचं पाणी मारलं. सुनेला शब्द दिला होता.

बुधवारी सकाळी ते बाटली घेऊन स्टुलावर चढले आणि फवारा मारायचा राहूनच गेला.

चारही चिरांमध्ये, त्या नितळ पांढऱ्यावर, काळं फुटलं होतं. मोहरीएवढे दाणे, राखाडी, काळपट डोक्याचे, एकाला एक लागून झुपक्याझुपक्यानं. काल संध्याकाळी नव्हते. पाणी मारलं आणि झाले.

"भागीरथे!" ते ओरडले. "भागीरथे वं! कवडी धरली!"

भागीरथाबाई धावत आल्या, मान वर करून पाहू लागल्या. त्यांना खालून काहीच दिसेना. "कवडी? कुटारात कवडी कायची?"

"तीन दिवसांवर शनिवार हाय अन् चांगला माल काळा पडून राह्यला! मी म्हणलं होतं का नाई? पाण्यानं माल नासते. म्हणलं होतं का नाई?"

"पौर्णिमाले फोन लावा नं एकडाव."

"तिथं तिची माय हात मोडून पडली, अन् इथून आपण म्हणाचं का तुही पिशवी नासली?" त्यांनी पिशवीवरचं चित्र बोटानं ठोकलं. त्यावर बशीएवढ्या, गुबगुबीत, पांढऱ्या छत्र्या छापल्या होत्या. "हे असं याले पायजे. अन् हे काय आलं? हे काय छत्री हाय? अन् कवडीचं दुसऱ्याले काय विचाराचं वं? मले कवडी समजत नाई काय?"

त्यांनी चष्मा पुसला. खिडकी सताड उघडली. उजेड पाहिजे होता, आणि या कामात लपवायचं काही नव्हतं. मग तीन बोटं जुळली, मान तिरपी झाली, "हंऽऽ" झालं, आणि कित्येक वर्षांनी तो हात आपल्या खऱ्या कामाला लागला. टच. टच. टच. पांढऱ्याला धक्का नाही, तंतू तुटत नाही, काळं तेवढं बाहेर. दीड तास ते स्टुलावर उभे होते आणि दीड तासात एकदाही त्यांचे गुडघे दुखले नाहीत. वेचलेलं सगळं त्यांनी पेपरच्या तुकड्यावर ठेवलं आणि तो खिडकीत मांडला. पिशवी पुन्हा पांढरीफेक झाली. एक कवडी म्हणून राहिली नाही.

"आता नेऊ दे तिले शनिवारी," ते खाली उतरून म्हणाले. "मॅडम म्हणन, हा माल कोणाच्या हातचा हाय?"

गुरुवारी दुपारी पौर्णिमा आली. खांद्यावरचं सामान उतरवायच्या आधी ती मधल्या खोलीत गेली. आणि बाहेर काही आवाज आला नाही, म्हणून लहानूजी कौतुक ऐकायला मागोमाग गेले.

ती कडीखाली नव्हती. खिडकीशी उभी होती. पेपरच्या तुकड्यावर ते दाणे आता आक्रसून, सुकून पडले होते.

"बाबाजी, हे काय हाय जी?"

"कवडी!" लहानूजी म्हणाले. "दोन मुठी निघाली. काल सकाळी धरली होती, पण आपण ठेवली नाई. पाय, पिशवी पाय."

पौर्णिमानं पिशवीकडे पाहिलं. मग ती हळूच खाली फरशीवर बसली.

"बाबाजी," ती म्हणाली, "तेच फळ होतं जी."

लहानूजींना ते ऐकू आलं, पण समजायला बराच वेळ लागला. ते पेपरकडे बघत राहिले. "पिशवीवर तं छत्र्या छापल्या होत्या."

"छत्री पयले मुडपलेलीच राह्यते नं जी. मंग उघडते. शनिवारपर्यंत उघडली असती."

"म्हंजे..." त्यांनी उजवा हात वर केला, आणि तो कुणाचा तरी दुसऱ्याचा असावा तसा त्याच्याकडे पाहिला.

पौर्णिमा रडली नाही, ओरडली नाही. उठून तिनं हातपाय धुतले, भाकरी टाकल्या, ताटं वाढली. "जेवून घ्या जी." एवढंच. ती भांडली असती तर लहानूजी भांडले असते. दोन घास खाऊन ते उठले. त्या दिवशी त्यांच्या ताटातले जिरे तसेच राहिले.

शुक्रवारी ती म्हणाली, "मी उद्या नाई जात. काय घेऊन जाऊ? कोरी पिशवी?"

लहानूजी शुक्रवार सगळा पिशवीसमोर बसून होते. खिडकी उघडी टाकून त्यांनी तीनदा पाणी मारलं. फुस्स फुस्स अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. लक्ष्मणराव बाहेरून म्हणाले, "दव पडलं काय गा?" लहानूजी आतून म्हणाले, "हो." लक्ष्मणराव या उत्तराला तयार नव्हते. ते हिरमुसून निघून गेले.

पिशवीवर काही आलं नाही. एका दिवसात येत नसतं.

संध्याकाळी लहानूजींनी कोपऱ्यातून आपल्या चपला काढल्या, फडक्यानं पुसल्या आणि दाराशी जोडीनं ठेवल्या. "साडेसातची गाडी हाय. मी येतो तुह्यासंग."

"काऊन जी?"

"येतो म्हणलं नं."

शनिवारी वर्ध्याच्या गाडीत लहानूजींनी ती पिशवी लेकरासारखी मांडीवर घेतली होती. केंद्रातल्या हॉलमध्ये सुरभी मॅडम आधीच येऊन बसल्या होत्या. पुण्याच्या होत्या, बोलणं इस्त्री केल्यासारखं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बरं का" लावून त्याची घडी घालायच्या. टेबलावर बारा पिशव्या रांगेनं लागल्या आणि मॅडमची घडी मोडली.

चार पिशव्यांवर छत्र्या होत्या. आठ कोऱ्या, पांढऱ्याफेक.

"आठ?" मॅडमनी चष्मा काढला. "आठ पिशव्या वाया? हे शक्यच नाही. हे बियाणंच खराब आलंय. मी आजच्या आज वर कळवते, बरं का." मग त्यांनी वही उघडली आणि एकेकीला विचारलं. सरिता म्हणाली, "नाई आलं, मॅडम." भावना म्हणाली, "आलंच नाई." तिसरी म्हणाली, "काईच नाई आलं." सगळ्यांनी खाली बघून एकाच सुरात सांगितलं. मॅडम लिहीत गेल्या: बियाणं खराब, बियाणं खराब, बियाणं खराब.

"पौर्णिमाताई, तुमचं?"

पौर्णिमा उभी राहिली. तिच्यापुढे सरळ रस्ता होता. बियाणं खराब म्हणायचं, कुणालाच दोष नाही. तिनं तोंड उघडलं, आणि मागून "हंऽऽ" असा आवाज आला.

"जय भीम, मॅडम," लहानूजी भिंतीशी उभे होते. "मी तिचा सासरा. थांबा, लिहू नका. बियाणं चांगलं होतं. फळ आलं होतं, चारही चिरात आलं होतं. मी वेचून टाकलं."

मॅडमचं पेन तसंच राहिलं. "तुम्ही... काय केलंत?"

"कवडी समजलो मी. दीड तास उभं राहून एक एक काढली." पुढचे दोन शब्द एकतीस वर्षं आणि वर आणखी काही वर्षं आत अडकलेले होते. ते निघताना बरीच ओढाताण झाली. "माहं चुकलं. तिचं नाई. ती घरी नव्हती."

पौर्णिमा वळून सासऱ्यांकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर असा धक्का होता, जसा भिंतीवरच्या घड्याळानं अचानक तिला नावानं हाक मारावी.

मग दुसऱ्या रांगेतून सरितानं हळूच हात वर केला. "मॅडम... आमच्या इथं बी आलतं."

"काय?"

"माह्या सासूनं वेचलं. म्हणे कवडी हाय."

"माह्या मायनं," भावना म्हणाली.

"मी सोताच वेचलं," तिसरी म्हणाली आणि तोंडावर पदर घेतला. "दिसलं अन् हातच गेला."

आठच्या आठ! एकीच्याही पिशवीचं बियाणं खराब नव्हतं. आठ घरांत, आठ कापूस वेचणाऱ्या हातांनी, पांढऱ्यावरचं काळं पाहिलं होतं आणि टचाटच उचललं होतं. मॅडम एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"आणि तुम्ही सगळ्या मला म्हणालात, आलंच नाही?"

"तुमी रागावसान म्हून."

"आणि या चौघींचं कसं काय वाचलं?" मॅडमनी छत्र्या आणलेल्या एकीला विचारलं.

"आमच्या इथं कोनं पाह्यलंच नाई, मॅडम," ती प्रामाणिकपणे म्हणाली. "कोठीत टांगलं अन् इसरलो. पाणी मारा गेलं तं थेट छत्र्याच!" उरलेल्या तिघींनीही माना हलवल्या.

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "पण कवडी म्हणजे काय? पुस्तकात असं कुठेच लिहिलेलं नाही." बाकीच्या सातजणी एकदम सांगायला लागल्या. बोंड, अळी, काळं, पांढरं, सासू. मॅडमना काही कळेना. गलका वाढला.

आणि तेव्हा पौर्णिमा टेबलासमोर गेली.

तिनं कोरी पिशवी खुर्चीच्या पाठीला टांगली. दोन पावलं मागे आली. खांदे थोडे पाडले, एक गुडघा जरा वाकवला, आणि नसलेला चष्मा पदरानं पुसला. लहानूजींनी लगेच ओळखलं. पौर्णिमानं मान तिरपी केली, तीन बोटं जुळवली आणि तिच्या नाकातून, हुबेहूब, शेवटाला थोडा वर जाणारा "हंऽऽ" निघाला.

"भागीरथे! भागीरथे वं! कवडी धरली!"

हॉलमध्ये हशा फुटला. ती तर तेव्हा कारंज्याला होती! सासूबाईंनी चुलीपाशी सांगितलं असणार, पण आवाज? आवाज कुठून आणला? "हे काय छत्री हाय? मले कवडी समजत नाई काय?" टच. टच. टच. मग झटकन ती भागीरथाबाई झाली, खांदा धरून, मान वर करून: "फोन लावा नं एकडाव!" मग मोहरीएवढं मशरूम झाली, डोकं मुडपून, अंग चोरून, बारीक आवाजात: "अवं बाबाजी, मी छत्री हाव जी, उघडू तं द्या नं मले दोन दिवस!" सरिता बाकावर आडवी झाली. भावनाच्या डोळ्यांतून पाणी आलं. मॅडमनी वहीत तोंड खुपसलं होतं आणि वही हलत होती.

मग पौर्णिमा सरळ झाली आणि आपल्या आवाजात बोलली. तो आवाज एवढा मोठा आहे हे त्या घरात आठ वर्षांत कुणालाही माहीत नव्हतं. "बायांनो, काळं दिसलं का समजा का पोट्टं जल्मलं. हात मागं बांधा. सासूचेही बांधा."

लहानूजी भिंतीला टेकून उभे होते. आठ वर्षं "हो जी, नाई जी" म्हणणारी ही पोरगी त्यांचा प्रत्येक श्वास ऐकत होती! राग यावा म्हणून ते थांबले. राग आला नाही. आली ती एक विचित्र शंका, की "भागीरथे" म्हणताना आपण खरंच एवढे केविलवाणे वाटतो की काय.

मॅडमनी डोळे पुसले. छत्री आणलेल्या चौघींना टाळ्या झाल्या. मग त्या म्हणाल्या, "ज्यांच्या पिशव्या कुणी पाहिल्याच नाहीत, त्यांना काय शिकवायला सांगू? मला गावात जाऊन हे असं सांगणारं कुणीतरी हवं होतं. पौर्णिमाताई, सोमवारपासून सुरू करा. आधी भिडी, मग आंदोरी, मग वायगाव. बाकीची गावं नंतर सांगते."

पौर्णिमानं "हो जी" म्हटलं, पण ते नेहमीचं नव्हतं. ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"आणि यांनाही सोबत न्या, बरं का," मॅडम लहानूजींकडे वळून म्हणाल्या.

"मले?" लहानूजी भिंतीपासून सुटे झाले. "मले काऊन?"

"नकलेवर लोक हसतील. पण स्वतः चूक केलेला माणूस समोर उभा राहिला ना, तर त्यांना ते पटेल."

लहानूजींचा चेहरा उतरला. भिडी! जिनिंगात येणाऱ्या निम्म्या गाड्या भिडीकडच्या असायच्या, आणि त्यातल्या कितीतरी याच हातानं फाटकातून परत फिरल्या होत्या. तिथल्या प्रत्येक पारावर त्यांना ओळखणारं, आणि गेली कित्येक वर्षं त्यांची वाट पाहणारं कुणी ना कुणी बसलेलं असणार.

केंद्राबाहेर बसची वाट बघताना पौर्णिमा म्हणाली, "नसन याचं तं राहू द्या जी, बाबाजी. मी सांगन मॅडमले."

लहानूजींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "भिडीची पयली गाडी किती वाजता हाय?"

"सव्वाआठले जी."

"मंग आठलेच निघू," ते म्हणाले. "तिथं गर्दी लवकर होईन. मले चुकलं म्हणताना पाहाले."